आधी वरचे बूच, मग खालचे

(इटारसी येथील रेल्वे वसाहतीत मराठी रेल्वे व पोस्ट कर्मचाऱ्यांच्या रविवारच्या बैठकीत तिघा सभासदांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेत थोडी खसखस पिकली, ती आमच्या कानावर आली. मोटारगाडीच्या गिअरबॉक्सचे तेल घरच्या घरी बदलणे, हा काय बैठकीत बोलायचा विषय झाला, असे कोणाला वाटले असेल तर त्यात त्यांची चूक नाही. एके काळी आपल्या क्वार्टरसमोर सायकली उभ्या असत, मग स्कूटरी आल्या. आज बऱ्याच दारांत सेकंडहँड घेतलेली एखादी लहान गाडी दिसते. तिच्यासाठी सोसायटीचे कर्ज काढलेले असते, आणि गॅरेजचे बिल आले की घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. म्हणून आपले अनेक सभासद सुट्टीच्या दिवशी स्वतःच पाना घेऊन गाडीखाली शिरतात. आम्हीही शिरलो. त्या दिवशी आमच्यापैकी एकाचा हात थोडक्यात वाचला. आजचे भाषण त्यासाठी आहे.

आम्ही तिघे आहोत. एक कॅरेज अँड वॅगनमध्ये फिटर, दुसरा आर.एम.एस.मध्ये सॉर्टिंगला, आणि तिसरे मुंबईच्या मेल मोटर सर्व्हिसच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन इथे मुलाकडे राहायला आलेले. त्यांना आम्ही काका म्हणतो. चूक पहिल्या दोघांनी केली, शिकवले काकांनी. बोलतो आहोत तिघांच्या वतीने.

त्या रविवारी काय झाले

आमच्या सॉर्टिंगवाल्याच्या जुन्या गाडीचा दुसरा गिअर सकाळच्या वेळी करकरत पडू लागला होता. गाडी घेतल्यापासून गिअरबॉक्सचे तेल कोणी बदलल्याची नोंद नव्हती. आम्ही दोघांनी ठरवले, यात अवघड ते काय? खाली एक बूच, वर एक बूच. खालचे उघडायचे, तेल सोडायचे, बंद करायचे, वरून नवीन भरायचे.

गाडीबरोबर आलेला जॅक लावला, आधाराला चार विटा रचल्या, आणि खालचे बूच उघडले. तेल भराभर घमेल्यात आले. मग वरच्या बुचाला पाना लावला, तर ते हलेना. आधी कधीतरी कोणीतरी चुकीचा पाना लावून त्याचे कोपरे गोल करून ठेवले होते. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा, नवीन तेल डब्यात, आणि भरायला वाट नाही. सोमवारी पहाटेची ड्यूटी. अशा वेळी माणसाचे डोके चालत नाही, फक्त हात चालतो. आम्ही पान्याला लोखंडी नळी लावली आणि जोर केला. बूच हलले नाही, गाडी हलली. जॅक तिरका झाला, विटा फुटल्या, आणि गाडी तेलाच्या घमेल्यावर येऊन बसली. क्षणभरापूर्वी तिथे आमच्या फिटरचा उजवा हात होता. खाली पडलेली चिंधी घ्यायला त्याने तो बाहेर काढला होता, एवढेच.

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारले, "ड्यूटीवर असता तर असं केलं असतं का हो?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. सिकलाइनमध्ये डबा जॅकवर उचलला तर तो ट्रेसलवर टेकवल्याशिवाय आपण खाली माणूस जाऊ देतो काय? उभ्या गाडीच्या चाकाला पाचर न लावता सोडतो काय? गाडीखाली काम असताना दोन्ही टोकांना लाल झेंडी, रात्री लाल दिवा, हा नियम आपल्या अंगवळणी पडला आहे. आणि पोस्टातल्या बंधूंना विचारा, पिशवी कापण्याआधी सील बघितल्यावाचून कोणी सुरी लावतो काय? हे सर्व नियम आम्हाला पाठ होते. ते आम्ही ड्यूटीच्या गेटवर ठेवून घरी आलो होतो.

तेल बदलायचे कशासाठी

आता मूळ कामाकडे येऊ. गिअरबॉक्समध्ये जळण होत नाही, त्यामुळे तिथले तेल इंजिनच्या तेलासारखे काजळीने काळे होत नाही. पण दात्यांवर दाते घासून लोखंडाची आणि पितळेची बारीक भुकटी त्यात उतरत राहते, आणि बहुतेक लहान गाड्यांच्या गिअरबॉक्सला इंजिनसारखा फिल्टर नसतो. शिवाय वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तेलातली औषधे संपत जातात. आपल्यातल्या जुन्या मंडळींना साध्या बेअरिंगच्या वॅगनी आठवत असतील. ॲक्सल बॉक्समध्ये तेल कमी पडले की हॉट ॲक्सल होई आणि वॅगन वाटेतच कापून काढावी लागे. गिअरबॉक्स इतक्या लवकर तक्रार करत नाही. तो बरीच वर्षे मुकाट्याने झिजतो आणि मग एकदम मोठा खर्च काढतो.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्या आपल्याकडे १९८३ साली मारुती ८०० आल्यानंतर घरोघरी पोचल्या. अशा गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात व दोन्हींना एकच तेल पुरते. ॲम्बेसेडरसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल मागच्या ॲक्सलमध्ये वेगळे असते आणि त्याचे तेलही वेगळे असते. आपली गाडी कोणत्या जातीची हे आधी माहीत करून घ्यावे.

तेल किती किलोमीटरला बदलायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. कुठे चाळीस हजार, कुठे त्याच्या दुप्पट. सेकंडहँड गाडीची नोंद नसेल तर एकदा बदलून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावे, म्हणजे पुढचा हिशेब सरळ होतो.

कोणते तेल

दुकानात गेलात की डब्यावर दोन गोष्टी वाचा. पहिली जाडी, उदाहरणार्थ ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९०. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, दुसरा तापल्यावरच्या जाडीचा. येथे एक गैरसमज दूर करू. गिअर ऑइलचे आकडे आणि इंजिन ऑइलचे आकडे वेगवेगळ्या मापपट्टीवरचे आहेत. ९० नंबरचे गिअर ऑइल हे ४० नंबरच्या इंजिन ऑइलच्या दुप्पट जाड नसते. तापल्यावर ती दोन्ही जवळपास सारखीच भरतात.

दुसरी गोष्ट म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५ ही अक्षरे. आम्हीही समजत होतो की पाच म्हणजे चारापेक्षा चांगले. काकांनी आम्हाला थांबवले. गिअर बदलताना दोन फिरत्या भागांचा वेग सारखा करणारी पितळी रिंग असते, तिला सिंक्रोनायझर म्हणतात. ती रिंग समोरच्या शंकूवर किंचित घासली, तरच वेग जुळतो आणि गिअर आवाज न करता पडतो. जीएल-५ तेल मुख्यतः डिफरन्शियलच्या हायपॉइड दात्यांसाठी आहे. तिथे दाते एकमेकांवर जोराने सरकतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची औषधे जास्त असतात. यातली काही औषधे पितळाला खातात, आणि तेल जास्त निसरडे असल्याने रिंगची पकडही सुटू शकते. म्हणून पुस्तिकेत जीएल-४ लिहिले असेल तर जीएल-४च घ्यावे. दुकानदार "हेच चालतं सगळ्यांना" म्हणाला तरी पुस्तिका मोठी, दुकानदार लहान.

तेल किती लागते तेही पुस्तिकेतच पाहावे. लहान गाड्यांना साधारण दोन लिटरच्या आसपास लागते, पण अंदाजाने घेऊ नये.

गाडी उचलण्याआधी

बंधूंनो, या भागावर आम्ही जास्त वेळ घेणार आहोत, कारण बाकीच्या चुका पैशाने भरून निघतात, ही निघत नाही.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नाही. गाडी उचलली की ती लोखंडी घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, टेकवायची. विटा, पोकळ सिमेंटचे ठोकळे, रिकामे डबे यांपैकी काहीही चालणार नाही. वीट वजन सहन करते तोवर करते आणि मग सूचना न देता फुटते. लाकडी स्लीपरचे तुकडे छान असतात असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर असे की ते रेल्वेचे आहेत आणि रेल्वेतच राहू द्या.

जमीन कठीण व सपाट हवी. मातीत किंवा तापलेल्या डांबरावर जॅकचा पाय रुततो. घोडा गाडीच्या चेसिसच्या ठरलेल्या जागेवरच लावायचा. ती जागा पुस्तिकेत चित्राने दाखवलेली असते.

आता एक बारकावा, जो आमच्या लक्षात आला नव्हता. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी गिअरमध्ये ठेवली तर गिअरची पकड फक्त पुढच्या चाकांवर असते. तीच चाके हवेत गेली की गिअरचा उपयोग संपला. मग गाडीला धरून ठेवतो तो मागच्या चाकांवरचा हँडब्रेक आणि तुम्ही लावलेली पाचर. म्हणून मागच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून पाचर मारायचीच. याउलट मागची बाजू उचललीत तर बहुतेक गाड्यांत हँडब्रेक निकामी होतो, तेव्हा पुढच्या चाकांना पाचर हवी.

घोड्यांवर टेकवल्यावर, खाली जाण्याआधी, गाडीला बाजूने जोराचा धक्का देऊन पाहा. पडायची असेल तर तुम्ही बाहेर असताना पडू दे. किल्ली काढून आपल्या खिशात ठेवा. घरातल्या मुलांना सांगा की बाबा खाली असताना गाडीच्या दाराला हात लावायचा नाही. एकट्याने कधीही हे काम करू नका. दुसरा माणूस जवळ असावा, आणि तो मोबाइलवर नसावा.

ज्यांना ओळखीच्या गॅरेजचा पिट तासभर मिळत असेल त्यांनी तोच घ्यावा. तिथे गाडी चारही चाकांवर उभी राहते, आणि तेलाची पातळी बघायलाही सोपे जाते.

बुचांचा क्रम

काम सुरू करण्याआधी गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून आणा. तेल कोमट झाले की पातळ होऊन भुकटीसह बाहेर पडते. मात्र सायलेन्सरची नळी तेवढ्यात चांगलीच तापते, तिच्यापासून हात लांब ठेवा.

आता भाषणाला जे नाव दिले आहे ते. आधी वरचे, भरण्याचे बूच सैल करा. ते सुटते याची खात्री झाली की मगच खालचे, निचऱ्याचे बूच उघडा. वरचे सुटले नाही तर काम तिथेच थांबवा. गाडीत जुने का होईना, तेल आहे. ती गॅरेजपर्यंत स्वतः जाईल. आम्ही हा एक क्रम पाळला असता तर नळी लावावी लागली नसती, आणि गाडी पडली नसती. पिशवीचे सील आधी, सुरी नंतर; तोच नियम.

पाना बुचाच्या मापाचा नेमका हवा. शक्यतो सहा कोनांचे सॉकेट वापरा, त्याने कोपरे गोल होत नाहीत. बूच अडले असेल तर गंजावरचे तेल मारून रात्रभर थांबा. काकांनी आमचे अडलेले बूच दुसऱ्या दिवशी असेच काढले. घाई केली नाही, नळी लावली नाही, आणि नवीन बूच आणून बसवले. त्या सोमवारी आमचा सॉर्टिंगवाला शेजाऱ्याच्या सायकलवरून ड्यूटीला गेला. काही बिघडले नाही.

निघालेले तेल काय सांगते

घमेल्यातले तेल लगेच ओतून टाकू नका. निचऱ्याच्या बुचाला बरेचदा लोहचुंबक असते. त्यावर राखाडी रंगाचा मऊ लेप चिकटलेला असेल तर ती रोजची झीज आहे, पुसून टाका. पण त्यात बोटाला टोचणारे कपचे किंवा दात्याचा तुकडा सापडला तर नवीन तेल हा उपाय नाही, गिअरबॉक्स उघडून दाखवावा लागेल. तेल दुधी दिसले तर आत पाणी गेले आहे. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. आणि जेवढे असायला हवे त्यापेक्षा बरेच कमी निघाले, तर ते कुठून तरी गळत होते. चाकांकडे जाणारे शाफ्ट जिथे पेटीत शिरतात तिथली ऑइल सील आधी तपासा.

आमच्या घमेल्यात राखाडी लेपच होता. काकांनी तो बोटावर घेऊन पाहिला आणि म्हणाले, "गाडीने तुम्हाला माफ केलं. दर वेळी करणार नाही."

भरणे आणि कसणे

निचऱ्याचे बूच नवीन वॉशर घालून बसवा. पेटी अल्युमिनियमची असते, तिचे आटे नाजूक. पुस्तिकेत किती जोराने कसायचे ते दिलेले असते. टॉर्क रेंच मिळाला तर त्याप्रमाणे कसा. नसेल तर आपल्या दंडाचे प्रदर्शन तरी करू नका. आटे गेले की दोनशेचे काम हजारांत जाते.

मग हातपंपाने, किंवा वरून नरसाळे आणि लांब नळी लावून, सावकाश भरा. बहुतेक गाड्यांत वरच्या बुचाच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल आले आणि तिथून थेंब पडू लागले की पातळी झाली. काही गाड्यांत तपासायला काडी असते. मात्र हे मोजमाप गाडी सपाट असतानाच खरे. नुसती पुढची बाजू उचललेली असेल तर तेल एका बाजूला झुकते आणि पातळी खोटे बोलते. अशा वेळी पुस्तिकेत लिहिलेले माप मोजून भरा आणि गाडी खाली सपाट ठेवल्यावर पुन्हा पाहा. जास्त भरले तर फेस होतो आणि सीलमधून बाहेर येते. कमी भरले तर दाते कोरडे राहतात.

वरचे बूच लावा, चार-पाच किलोमीटर गाडी फिरवून आणा आणि दोन्ही बुचांखाली कोरडा कागद ठेवून तासाभराने बघा. कागद कोरडा राहिला तर काम पूर्ण झाले.

जुने तेल

उरला प्रश्न घमेल्यातल्या तेलाचा. वसाहतीच्या गटारात, झाडाच्या बुंध्याशी, किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात ते ओतू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल घातक कचऱ्यातच धरलेले आहे. गटारातले तेल शेवटी नदीला मिळते, आणि आपण सगळे कोणत्या ना कोणत्या नदीचे पाणी पितो. झाकणाच्या डब्यात भरून, परवानाधारक खरेदीदाराला तेल देणाऱ्या गॅरेजला किंवा सर्व्हिस स्टेशनला द्या.

हातमोजे घाला. तेलकट चिंधी खिशात कोंबण्याची आपली जी सवय आहे ती सोडा. हे आम्ही उगीच सांगत नाही. इंग्लंडमध्ये लँकाशायरच्या सूतगिरण्यांत म्यूल नावाच्या कताई यंत्राच्या चात्यांना खनिज तेल दिले जाई. ते उडून कामगारांच्या कपड्यांत मुरत असे, आणि वर्षानुवर्षांनंतर त्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. १९२२ मध्ये मँचेस्टरच्या डॉक्टरांनी या रोगाचा अभ्यास वैद्यकीय नियतकालिकात मांडला. त्या तेलाबाबत खास नियम यायला १९५३ साल उजाडले. मधल्या तीस वर्षांत किती घरे दुःखात गेली असतील याचा विचार करा. काही वर्षांतून एकदा तेल बदलणाऱ्याला इतके घाबरण्याचे कारण नाही. पण शेडमध्ये रोज तेलात हात घालणाऱ्या आपल्या बंधूंना आणि गॅरेजमधल्या पोरांना आहे.

त्या पोरांबद्दल दोन शब्द बोलून आम्ही संपवतो. आपण घरी एकदा चुकलो आणि देवाच्या कृपेने वाचलो. रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिवसातून दहा वेळा नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जातो. त्याला घोडा देणारा कोणी नाही, पाचर लाव म्हणून सांगणारा सुपरवायझर नाही, विचारायला संघटना नाही. पुढच्या वेळी गाडी गॅरेजला नेलीत तर स्वस्तात करून दे म्हणण्याआधी घोडा लाव म्हणा. दहा मिनिटे जास्त लागतील. लागू द्या.

पैशाचा हिशेबही खरा सांगतो. घोडे, सॉकेट, हातपंप हे सर्व घेतले तर पहिल्या खेपेला एक पैसा वाचत नाही. म्हणून आम्ही तिघांनी मिळून सामान घेतले आहे. ते काकांच्या व्हरांड्यात ठेवले आहे. वसाहतीतल्या कोणीही यावे, वहीत नाव लिहून न्यावे, पुसून परत आणावे. अट एकच: नेणाऱ्याबरोबर दुसरा माणूस असला पाहिजे. एकट्याला काका सामान देत नाहीत, मग तो कोणीही असो.